आपला माल जळत नाही

शांता आत होती, दाराबाहेरची दोन्ही पिंपं कोरडी होती, आणि अण्णा मला समजावून सांगत होते की आपला माल जळत नाही.

"अगं सोजर, आगरोधक फोम हाय आपला. बोंबलतीस कशाला? निस्ता धूर हाय त्यो."

"अण्णा, धूरच वाईट. तोंडाला ओलं फडकं तरी बांधा."

ओलं फडकं म्हणाले खरी, पण ते ओलं करायचं कशानं? शेडच्या दारातून काळा धूर बाहेर येत होता. तो वर जात नव्हता. डांबर ओतल्यासारखा जड, चौकटीतून बाहेर लोटत होता. आतून शांताचा खोकला ऐकू येत होता, म्हणजे ती जिवंत होती. अण्णांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, माझ्याकडे वैतागून पाहिलं आणि वाकून आत गेले.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी फोम म्हणजे काय ते सांगावं लागेल. इतकी वर्षं मी तेच सांगत आले आणि कुणी नीट ऐकलं नाही. दिवाळी अंकवाल्या बाईंनी मला 'ग्रामीण उद्योजिका' या विषयावर लिहा म्हणून सांगितलं. मी उद्योजिका नव्हते. मी चौथी पास होते आणि फोमच्या कारखान्यात माप घालत होते. तेवढंच लिहिते.

गादीत, बसच्या सीटमध्ये जो स्पंजासारखा मऊ माल असतो तो फोम. दोन औषधं एकत्र केली की तो होतो. एक काकवीसारखं घट्ट तेल, आणि दुसरं एक पातळ औषध, ज्याचा नुसता वास छातीत गेला तरी दोन दिवस खोकला जात नाही. तेलात आधी थोडं थोडं बरंच काही घालायचं, त्यात आग दाबणारं एक औषध आणि मोजून थोडं पाणी. साधं विहिरीचं पाणी चालत नाही, आमच्याकडच्या पाण्यात क्षार फार. मोटारीच्या बॅटरीत घालतात तसलं पाणी कॅनमधून यायचं. मग दुसरं औषध ओतायचं, मशीनच्या रवीनं घुसळायचं, दहापर्यंत आकडे मोजायचे आणि कागद लावलेल्या लाकडी पेटीत ओतून मागं सरायचं. दूध उतू यावं तसा तो पेटीत वर येतो. दीड-दोन मिनिटांत गुडघाभर उंच ठोकळा तयार.

पाण्यामुळे तो फुगतो. पाणी जास्त घातलं की जास्त फुगतो, हलका होतो, आणि आतून जास्त तापतो. ठोकळा बाहेरून हात लावला तर कोमट लागतो, पण पोटात इतका तापलेला असतो की कापला तर हात भाजेल. फोम स्वतःच गोधडीसारखा, आतली ऊब बाहेर सोडत नाही. म्हणून नवा ठोकळा दिवसभर एकटा ठेवायचा. दोन ठोकळ्यांत हातभर अंतर, खाली फळ्यांची घोडी, वर काही नाही. पुण्याहून आम्हाला शिकवायला आलेले देसाई साहेब हे रोज सांगायचे. आम्हा बायांना ते लगेच समजलं. ओला कडबा घाईनं गंजीत रचला तर गंजी आतून तापते आणि एक दिवस धूर सोडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं होतं. साहेबांना त्याचं नवल वाटलं. ते म्हणाले, "मग तुम्हाला माझी गरजच नाही." गरज होती. पण ती आम्हाला नव्हती, अण्णांना होती, आणि अण्णा त्या शिकवणीला एक दिवसही बसले नाहीत.

अण्णा म्हणजे आमचे चेअरमन. कागदावर चेअरमन त्यांची बायको होती, कारण सोसायटी महिलांची होती. वहिनी महिन्यातून एकदा येऊन सह्या करायच्या आणि चहा पिऊन जायच्या. पण खरं ते खरं लिहायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडत होतो. दुष्काळ संपला, खडी संपली, बाया घरी बसल्या. तेव्हा नळदुर्गच्या अलीकडे हमरस्त्याला लागून बंद पडलेल्या सरकीच्या गोदामात कारखाना काढायचं डोकं अण्णांचं. त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घातले, पिंपं आणली, मशीन आणलं. आम्ही पंचवीस बाया कामाला लागलो. मी बौद्ध, शांता धनगराची, हलिमाबी नळदुर्गची मुसलमान. एका माठातलं पाणी प्यायचं, ज्यांना चालत नाही त्यांनी येऊ नये, हेही अण्णांनीच पहिल्या दिवशी सांगितलं. माणूस वाईट नव्हता. ऐकत नव्हता.

आगरोधक म्हणजे काय, हे समजावताना माझं अर्धं आयुष्य गेलं. आगरोधक म्हणजे न जळणारा नव्हे. काडी लावली की आमचा फोमही पेटायचा. फरक एवढाच, की काडी बाजूला घेतली की तो आपला आपण विझायचा. साधा फोम एकदा पेटला की अख्खी गादी संपवूनच थांबतो. बसमध्ये कुणाची बिडी सीटवर पडली तर माणसांना खाली उतरायला वेळ मिळावा, यासाठी हा सगळा खटाटोप. बस बांधणारे लोक आमचं मुख्य गिऱ्हाईक. त्यांना हे कळायचं. बाकी कुणाला कळायचं नाही.

सोलापूरकडचे एक टॉकीजवाले आले होते. खुर्च्यांना फोम हवा होता. खिशात स्वतःची काडेपेटी घेऊन आले. मी दाखवायला पट्ट्या कापून दिल्या. एकामागून एक बारा पट्ट्या त्यांनी जाळल्या.

"बाई, पेटतंय की हे!"

"काडी बाजूला घ्या."

"घेतली. इझलं."

"मग तेच तर."

"आन काडी बाजूला घेतलीच न्हाय तर?"

"तर तुमचं बोट भाजंल."

हलिमाबी तोंडात ओढणी कोंबून हसत होती. गृहस्थ चिडले नाहीत. तेराव्या पट्टीला त्यांनी विचारलं, "बरं, ह्यात ढेकूण व्हतेत का?" मी म्हटलं, "तुमच्या टॉकीजमधनं आले तर व्हतील." त्यांनी ऑर्डर दिली. मला अजून कळलेलं नाही की आगीमुळे दिली का ढेकणांमुळे.

दुसरे एक धाबेवाले. रस्त्यावरचेच, ओळखीचे. खाटांवर घालायला म्हणून फोमच्या कापलेल्या कडा पोतं भरून घेऊन गेले. चौथ्या दिवशी हातात फुंकणी घेऊन भांडायला आले. त्यांनी त्या कडा तंदूरच्या भट्टीला बाहेरून गुंडाळल्या होत्या, भट्टीची ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. भट्टी बाजूला घ्यायची नसते, ती पेटतीच राहते. धाबा धुरानं भरला, ट्रकवाले जेवण टाकून पळाले.

"तुमीच म्हणलाव ना, जळत न्हाय म्हणून!"

"म्या कवा म्हणले?"

"बोर्डावर हाय की!"

बोर्डावर होतं. हमरस्त्याच्या कडेला अण्णांनी दोन माणूस उंच बोर्ड लावला होता आणि त्यावर लाल अक्षरात 'न जळणारा फोम' असं लिहून घेतलं होतं. मी दहा वेळा सांगितलं, बदला. 'आपोआप विझणारा' असं लिहा.

अण्णा म्हणाले, "आपोआप इझणारा म्हणलं तर लोकांना वाटंल दिवा इकतोय."

"लोकांना वाटू द्या. तुमाला काय वाटतंय ते सांगा."

"मला काय वाटायचंय? आपला माल जळत न्हाय."

मला तेव्हा वाटायचं की धंद्यासाठी बोलतात. माणूस स्वतःच लिहून घेतलेल्या बोर्डावर विश्वास ठेवील असं माझ्या डोक्यात आलं नाही.

आता पिंपांचं. देसाई साहेबांनी जाताना शेडच्या दाराशी दोन पिंपं ठेवायला लावली. काठोकाठ पाणी, वर लाकडी झाकण, बाजूला चार बादल्या. ते पाणी कशालाही वापरायचं नाही. त्याची जबाबदारी माझी. साहेबांना वाटलं असेल, साधी गोष्ट आहे. पुण्याला असेल साधी.

पुढे परत पाऊस गेला. आठवड्यातून दोनदा टँकर येऊ लागला. कारखान्यामागे आमच्या लोकांची वस्ती होती, तीस-पस्तीस घरं. वस्तीचा हातपंप आटला. गावच्या विहिरीवर आमच्या बायांनी जायचं तर सगळ्यांचं झाल्यावर, तळाचा गाळ राहिल्यावर, आणि तोंड न वाजवता. मग त्या माझ्याकडे यायच्या. कुंपणापलीकडे घागरी घेऊन उभ्या राहायच्या आणि पिंपांकडे पाहायच्या. एक दिवस एकजण म्हणाली, "सोजरे, हे पाणी कशापायी झाकून ठिवलंय?"

म्हटलं, "आग लागली तर."

"आन न्हाय लागली तर?"

याला उत्तर द्या. मी पहिल्यांदा एक घागर दिली. मग ठरवलं की टँकर आला की आधी पिंपं भरायची, आणि टँकर यायच्या आदल्या दिवशी वस्तीला द्यायचं. टँकर वेळेवर आला तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. वर्षभर असं चाललं. अण्णांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनीही दिलंच असतं, वर भाषण केलं असतं. कुणी मला आज विचारलं की तू चुकलीस का, तर हो, चुकले. परत तशा बाया कुंपणाशी उभ्या राहिल्या तर काय करशील, हे मात्र विचारू नये.

त्या आठवड्यात टँकर बिघडला म्हणून आला नाही. ठरल्याप्रमाणे आदल्या दिवशीच मी पाणी वस्तीला देऊन टाकलं होतं, म्हणून पिंपं रिकामी होती. आणि त्याच वेळी अण्णांनी पाहुणे ठरवले.

मुंबईहून कुणी बडे साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना पाहायला येणार होते. त्यांना कारखाना पसंत पडला तर आणखी एक शेड मंजूर होणार होती, आणि वस्तीतल्या, गावातल्या आणखी पंचवीस बायांना काम लागणार होतं. नावंसुद्धा लिहून झाली होती. त्यात माझी धाकटी जाऊ होती. म्हणून आम्हीही सगळ्याजणी पाहुण्यांसाठी उत्सुक होतो, एकट्या अण्णांना दोष देऊन चालणार नाही.

अण्णांना शेडमध्ये मालाचा ढीग दाखवायचा होता. माल तेवढा नव्हता, कारण ट्रक आदल्या आठवड्यातच भरून गेला होता. सकाळी ते मापाच्या खोलीत आले.

"सोजर, हाय त्या औषधात ठोकळे जास्त काढ. पाणी वाढीव."

"तापतील, अण्णा."

"तापू दे. थंडीत तापलेलं बरंच की."

"आतून जळतील."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शिवी दिली. मग हळू बोलले, "तुझ्या जावंचं नाव यादीत हाय न्हवं? मग दाखवू की जरा भरीव."

मी पाणी वाढवलं. कुणी माझा हात धरून ओतलं नाही. फार नाही, दीडपट. ठोकळे वीतभर जास्त उंच आले, पावासारखे हलके. औषधात पाणी जास्त आणि पिंपात थेंब नाही, असा त्या दिवशीचा आमचा कारभार.

ठोकळे हातभर अंतरावर मांडले असते तरी निभावलं असतं. पण अण्णांना ढीग हवा होता. दुपारी जेवणं झाल्यावर मी बस बांधणाऱ्यांच्या मालाच्या पट्ट्या तपासायला मागच्या खोलीत गेले. तेवढ्यात त्यांनी चारजणींना लावून सकाळचे सगळे ठोकळे एकाला एक खेटून रचून घेतले. खाली सात, वर सहा, त्यावर पाच. गावात गंजी रचतात तशी, कारण चेअरमनना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती आणि हातांना रचायची तीच पद्धत माहीत होती. रचली फार सुरेख. मागं भिंतीशी हातभर फट ठेवली होती. पाहुण्यांच्या स्वागताचा कापडी फलक ढिगाच्या मागच्या खिळ्याला बांधायचा म्हणून शांता त्या फटीत शिरली. ती सगळ्यांत सडपातळ. नुकतंच लग्न ठरलेलं.

हलिमाबी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "अक्का, बास आरी. गूळ जले सरीकी."

गूळ जळल्यासारखा वास. मी हातातली पट्टी टाकून पळाले. शेडमध्ये ढीग उभा होता. मधल्या ठोकळ्याला हात लावला तर बाहेरूनच चटका बसला. म्हणजे पोटात काय असेल!

"काढा! एकएक उचला आन बाहेर फेका!"

हीसुद्धा माझीच चूक. देसाई साहेबांनी सांगितलं होतं की तापलेला ठोकळा आत असताना हलवायचा नाही, त्याला वारा लागू द्यायचा नाही. आधी माणसं बाहेर काढायची. पण डोळ्यांसमोर गंजी असली की हात आधी गंजी मोडायला जातात. आम्ही वरचे दोन उचलले. तिसरा उचलला तेव्हा त्याच्या मधोमध तांबडं दिसलं, चुलीतल्या निखाऱ्यासारखं. वारा लागला आणि भपकन धूर झाला. ज्वाळा फारशी नव्हतीच. हलिमाबीनं मला मागं ओढलं. बाकीच्या बाया दाराबाहेर पडल्या. ढिगाची एक कड कोसळून फटीच्या तोंडावर पडली.

"शांता कुठं हाय?"

मग आतून खोकला ऐकू आला.

मी पिंपाकडे गेले, झाकण उचललं आणि तशीच उभी राहिले. कोरडं आहे हे मला माहीत होतं. तरी उचललं. अण्णा फाटकाशी कमान उभी करून घेत होते. आरडाओरडा ऐकून धावत आले. पुढचं सुरुवातीला लिहिलं आहे.

अण्णा आत गेले तेव्हा हलिमाबीला आठवलं, ते मला आठवायला हवं होतं. मापाच्या खोलीत बॅटरीच्या पाण्याचा कॅन होता. ती तो घेऊन आली. तिची ओढणी आणि माझा पदर भिजेल इतकंच पाणी त्यात राहिलं होतं. बाकीचं मी सकाळी ठोकळ्यांत ओतलं होतं. आम्ही दोघी तोंड बांधून जमिनीवर पालथ्या पडलो आणि दारातून सरपटत आत गेलो. खाली वीतभर हवा बरी होती. अण्णांचा आवाज येत होता. ते ठोकळे बाजूला फेकत होते आणि शांताला रागवत होते.

"खाली बस! खाली बस म्हणतोय ना! उभं ऱ्हाऊ नगंस!"

एवढं कळत होतं त्यांना. पण स्वतः उभे होते. वाकून ठोकळे उचलता येत नाहीत.

शांताचा हात आधी माझ्या हाताला लागला. अण्णांनी तिला फटीतून आमच्याकडे ढकललं. हलिमाबीनं तिची वेणी धरली, मी दंड धरला, आणि ओढत बाहेर आणली. परत वळले तर अण्णा स्वतःच बाहेर आले, चालत. तोंड काळं, भुवया गेलेल्या. कट्ट्यावर बसले, काळं थुंकले, आणि मला म्हणाले, "बघ. पेटलं का? इझतंय आपलं आपण."

खरंच विझत होतं. बाया घमेल्यानं माती टाकत होत्या, पण अर्धा ढीग मातीशिवायच थांबला. खालचे सात ठोकळे कडेनं काळे झाले होते, बाकी शाबूत. एवढं पाणी वाढवूनही आग दाबणाऱ्या औषधानं आपलं काम केलं होतं. नंतर तपासायला आलेल्या माणसानं वहीत तसं लिहून घेतलं. माल चांगला होता. माझा हात त्यात होता म्हणून सांगत नाही.

मी अण्णांना म्हटलं, "दवाखान्यात चला."

"मला काय झालंय? शांतीला न्या. उद्या पाव्हणं येणार हायती, ह्यो पसारा कुणी काढायचा?"

"अण्णा, ह्या धुराचं लगेच कळत न्हाय. साहेबांनी सांगितलंय."

"तुझ्या साहेबानं लई सांगितलं. आगीची भीती घातली, आग कुठं हाय?"

मी ओरडले. चेअरमनवर पहिल्यांदा ओरडले, सगळ्या बायांसमोर. हातातलं घमेलं आपटलं. म्हटलं, येड्यासारखं करू नका, उठा. त्यांनी हसून हात झटकला. एक ट्रक थांबवून आम्ही शांताला सोलापूरला पाठवली, हलिमाबी सोबत गेली. अण्णा गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत उभे राहून शेड झाडून घेतली, जळका माल मागं नेऊन पुरायला लावला, आणि घरी जाताना मला म्हणाले, "पिंपं कोरडी कशी काय गं?"

मी सांगितलं. वस्तीचं, वर्षभराचं, सगळं.

त्यांनी पिंपात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "मला म्हणली असतीस तर तिसरं पिंप आणलं असतं."

याचा मला आजही राग येतो. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची छाती भरली. पाहुणे आले तेव्हा अण्णा सोलापूरच्या वाटेवर होते. पाहुण्यांनी फाटकातूनच शेड पाहिली. दुसरी शेड मंजूर झाली नाही. यादीतल्या पंचवीसजणी ऊसतोडीला गेल्या, माझी जाऊही गेली. बोर्ड मी स्वतः उतरवला.

तिसऱ्या दिवशी अण्णा वारले. शांता वाचली. लग्न झालं, तिला तीन मुलं आहेत, आवाज तेवढा कायमचा बसला. हलिमाबी वाचली. मी वाचले.